फेन्सिंग बंद करू देऊ नका

भाऊ, तुमच्या धुळ्याच्या गोदामाची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. एक सर्व्हर ऑफिसात, दुसरा गोदामात, मधे फायबर; एक बंद पडला की दुसऱ्याने काम उचलायचं, असा क्लस्टर. आणि बसवणारा म्हणतोय, ‘फेन्सिंगचा एरर येतोय, बंद करून टाकू, काही फरक पडत नाही.’ अगदी हेच आम्ही जळगावला ऐकलंय. फार फरक पडतो. फेन्सिंग म्हणजे संपर्क तुटलेल्या सर्व्हरची वीज किंवा डिस्क तोडून त्याला आधी नक्की थांबवणं, मगच दुसऱ्याने काम हाती घेणं.

आमच्या जिनिंगमध्ये हीच रचना होती, फेन्सिंग बंद केलेलं. ऐन हंगामात जेसीबीने फायबर तोडली. दोन्ही सर्व्हर ठणठणीत, फक्त एकमेकांना दिसेनात. दोघांनीही समोरचा मेला असं धरलं आणि दोघंही प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, झाले. गेटवरचा काटा एकावर चालू, गोदामापाशचा दुसऱ्यावर, स्क्रीनवर कुठेच एरर नाही. संध्याकाळी चोपड्याच्या आणि धरणगावच्या शेतकऱ्यांच्या हातात एकाच नंबरची काटापावती! फायबर जोडल्यावर डीआरबीडी (दोन्ही सर्व्हरच्या डिस्क सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) एरवी आपणहून जुळत नाही, एका बाजूचा डेटा तुम्हालाच टाकून द्यावा लागतो. आमच्या दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कागदी पावत्या काढून एकेक नोंद हाताने चढवली, तोवर शेतकरी पैशांसाठी ताटकळले. बसवणाऱ्यांच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘केबल तुटणं आमच्या करारात येत नाही.’ अहो, केबल तुटते म्हणून तर क्लस्टर घेतला होता! फेन्सिंग कुणी, कधी बंद केलं, याची नोंदसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. त्याचा राग अजून जात नाही.

मेनफ्रेमवाल्यांनी, म्हणजे बँकांसारख्यांचे मोठे संगणक बनवणाऱ्यांनी, ही गोष्ट केव्हाच ओळखली. आयबीएमच्या पॅरलल सिस्प्लेक्समध्ये (अनेक मेनफ्रेम सिस्टिमचा क्लस्टर; 1994 पासून, 32 सिस्टिमपर्यंत) एखादी सिस्टिम ठरलेल्या वेळेत आपली हजेरी नोंदवेनाशी झाली, की तिला आधी डिस्कपासून तोडायची सोय आहे. तिचं काम दुसरीकडे जातं ते त्यानंतर.

आता तुमचं. मी पेसमेकर-कोरोसिंक या लिनक्सवरच्या क्लस्टर सॉफ्टवेअरपुरतंच बोलतोय, विंडोजचं ठामपणे सांगणार नाही. नुसत्या आयपीएमआयवर (सर्व्हर दुरून बंद-चालू करायची त्याच्यातलीच सोय) विसंबू नका. सर्व्हरची वीज गेली की तेही जातं, शिवाय तुमच्याकडे त्याचा रस्ता त्याच फायबरवरून आहे. मग फेन्सिंग झाल्याची खात्री मिळत नाही आणि क्लस्टर अडून बसतो. तुमच्या बसवणाऱ्याला दिसणारा एरर बहुधा यातलाच असेल, तो आधी शोधायला लावा. कोणती बाजू चालू राहावी हे ठरवायला तिसरं मत हवंच, असं मला वाटतं: एखाद्या छोट्या मशीनवर क्यूनेटडी हा मत देणारा प्रोग्रॅम, तेही दोन्ही इमारतींच्या बाहेर, वेगळ्या इंटरनेट लाइनवर. जोडीला दोन्ही सर्व्हरवर हार्डवेअर वॉचडॉग (वेळेत इशारा मिळाला नाही तर सर्व्हर रीसेट करणारा टायमर) आणि त्याला तो इशारा देणारा एसबीडी प्रोग्रॅम. ज्या बाजूला बहुमत नाही, ती स्वतःच रीसेट होते.

‘पाच नऊ’च्या गप्पांना भुलू नका. 99.999 टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद; 99.9 म्हणजे पावणेनऊ तास. गोदामाला पावणेनऊ तास परवडतील, दुहेरी पावत्या परवडणार नाहीत.

आणि हो, नेटवर्कचा स्विच पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

बिल चुकतं करण्याआधी एका रविवारी, काटा बंद असताना, बसवणाऱ्याला समोर उभं करून फायबर उपसा. एकच बाजू चालू राहिली पाहिजे. मग वीज काढून तेच पुन्हा करा, आणि दोन्हींचे लॉग सहीनिशी घ्या.