अमृताच्या ताटातली नरोटी

प्रश्न असा आलाय: दिग्दर्शकाने आपलाच गाजलेला जुना सिनेमा पुढे व्हिडिओ-डीव्हीडीसाठी बदलून काढला, तर त्या प्रतीला 'जीर्णोद्धारित' म्हणावं की 'सुधारित आवृत्ती'?

दोन्ही नको. 'सुधारित' म्हटलं की सुधारणा झाली असं आधीच मान्य केल्यासारखं होतं. आणि 'जीर्णोद्धार' तर इतका सैल वापरतात की डोकं फिरतं. उद्धार म्हणजे उद् + हृ, वर काढणं. (कुणी तो 'धृ'कडे ओढतात, ओढोत.) झिजलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे घालवले, उडालेला रंग मूळच्यासारखा आणला, तर तो जीर्णोद्धार. २०१५ साली अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं तेव्हा काय जपलं आणि काय बदललं यावर अख्खं कोल्हापूर बोलत होतं. तेच लोक डीव्हीडीच्या वेष्टनावर काहीही छापलेलं मुकाट मान्य करतात!

जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स'मध्ये १९७७ साली नायकांपैकी एक हान सोलो, त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला थेट गोळी घालतो. १९९७च्या प्रतीत ग्रीडो आधी झाडतो, हान नंतर. पुढे २००४ची डीव्हीडी आणि २०११ची ब्लू-रे यांतही हात फिरलेच. हेच लुकास १९८८ साली अमेरिकी संसदेपुढे, जुने सिनेमे रंगवण्या-बदलण्याविरुद्ध साक्ष देऊन आले होते. स्पीलबर्गनी 'ई.टी.'च्या २००२च्या प्रतीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले, पण २०१२च्या ब्लू-रेवर बंदुका परत आणल्या.

याला आपल्याकडे शब्द आहे: प्रक्षेप. प्र + क्षिप्, आत टाकणं. पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्या-श्लोकांना अभ्यासक प्रक्षिप्त म्हणतात. 'प्रक्षेपण' टीव्हीवाल्यांनी पळवलं म्हणून 'प्रक्षेप' मेला नाही.

यावर पाठचिकित्सेचे, म्हणजे जुन्या ग्रंथाच्या प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याच्या शास्त्राचे, जाणकार डोळे वटारतील: प्रक्षेप परक्या हाताचा असतो, कर्त्याने स्वतः केला तर तो पाठभेद, म्हणजे त्याच मजकुराचं वेगळं रूप! हा नियम एकट्याने लिहिलेल्या पोथीचा. १९७७च्या त्या सिनेमाच्या संकलनाचं ऑस्कर मार्शिया लुकास, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श या तिघांना मिळालं होतं. मग वीस वर्षांनी जॉर्ज लुकासनी एकट्याने कात्री चालवली तर बाकीच्यांच्या दृष्टीने तो हात परकाच. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी इथे कोल्हापुरात १९२५चा मूक 'सावकारी पाश' १९३६ साली बोलका केला, पण तो सरळ नव्याने चित्रित करून. जुन्यात घुसडाघुसडी केली नाही.

आणि आता खरी गंमत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी ताकीद दिली: 'ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घुसडेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. सगळे इथे थांबतात. मला मात्र ही नरोटीच स्वस्थ बसू देत नाही. संस्कृतात 'करोटि' म्हणजे कवटी. आपली करवंटी तिच्याच घराण्यातली असावी, आणि त्याच करोटीला नारळाचा शेजार लागून 'क'चा 'न' झाला असावा, असा माझा लाडका अंदाज आहे. म्हणजे नाथांनी अमृताच्या ताटात नुसतं टरफल नाही, कवटी ठेवली! कुणी म्हणतं 'नारळ + वाटी'. त्यांनी मधला 'ळ' कुठे सांडला आणि 'वा'चा 'ओ' कसा झाला ते आधी सांगावं. तोवर मी कवटी सोडणार नाही.