डिक्लेअर, अनाउन्स आणि सावकाराची वही

दारव्ह्याकडच्या एका भाऊनं विचारलं की सरकार कापसाचा हमीभाव 'डिक्लेअर' करते का 'अनाउन्स' करते, पेपरात दोन्ही येते, मग बरोबर कोणतं.

हमीभावाला दोन्ही चालते. पण लग्नात माईकवर "पुढची पंगत डिक्लेअर करण्यात येत आहे" असं ऐकलं की माझं डोकंच फिरते. अरे भाऊ, ती अनाउन्समेंट झाली! डिक्लेअर करायला अधिकार लागते. ग्रामपंचायतीची मतमोजणी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी निकाल डिक्लेअर करतात, तेव्हा कुठं माणूस कागदोपत्री निवडून येते. बडनेऱ्याला गाडी लेट आहे हे सांगणारी बाई गाडी लेट करत नाही, ती अनाउन्स करते.

आता खरी गोष्ट. डिक्लेअर आला लॅटिन 'क्लारुस'पासून, आणि डिक्शनरीवाले "क्लारुस म्हणजे स्पष्ट, क्लिअर" इतकं लिहून मोकळे होतात, हे मला अर्धवट वाटते, कारण क्लारुस पहिले आवाजाचा शब्द होता, खणखणीत ऐकू येणारा, उजेडाचा अर्थ मागून आला. त्याच घरातलं क्रियापद 'कालारे', म्हणजे ओरडून पुकारणे. रोमचा पुजारी महिन्याच्या पहिल्या दिवशी लोकांना पुकारून सांगे की 'नोने' हा दिवस या महिन्यात 5 तारखेला का 7 ला, म्हणून त्या पहिल्या दिवसाचं नाव पडलं 'कालेंडे', पुकाऱ्याचा दिवस. कर्जाचं व्याजही त्याच दिवशी भरा लागे, आणि ते लिहायची सावकाराची वही म्हणजे 'कालेंडारियुम'. भिंतीवरचं आपलं कॅलेंडर या वहीतून आलं राजेहो! कर्जाची तारीख जवळ आली की कास्तकार कॅलेंडरकडे कसा पाहते ते मी पाहिलं आहे, म्हणून हा शब्द मला सोडवत नाही.

आमच्याकडे जुनी माणसं दवंडीला मुनादी म्हणतात. अरबीत मुनादी म्हणजे पुकारणारा माणूसच, आपण त्याच्या कामाला ते नाव देऊन टाकलं. आपली घोषणाही 'घुष्' धातूतली, म्हणजे आवाजाचीच. माझं तर पक्कं मत आहे की सरकारी बोलण्याचे बहुतेक शब्द गळ्यातून निघाले, कागद नंतर आला. 'जाहीर' तेवढा डोळ्याचा, अरबीत त्याचा अर्थ उघड दिसणारं. म्हणजे कोतवाल ओरडला ती मुनादी, पंचायतीच्या बोर्डावर नोटीस लागली ते जाहीर, इतका बारीक फरक आपल्याजवळ आहे आणि भाषाशुद्धीवाले 'जाहीर' परका म्हणून खोडतात अन् तिथं 'उद्घोषित' चिकटवतात, हे मला बिलकुल मान्य नाही, कोणत्या शेतकऱ्याच्या तोंडात तो शब्द बसते ते दाखवा.


तर भाऊ, हमीभाव जाहीर झाला, असं बिनधास्त लिहा.