फंड मॅनेजरबद्दल मत विचारतायत, सांगायचं का?

मागच्या अंकात कंपन्या कामगारांचा पीएफ स्वतः सांभाळायला काढतात त्या पीएफ ट्रस्टवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेल आले. त्यातले बरेच एकाच गोष्टीभोवती फिरतायत म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. गोष्ट अशी की पीएफ ट्रस्ट, पेन्शन फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या गुंतवणूकदारांना "तुमचा पैसा गुंतवून सांभाळणाऱ्या फंड मॅनेजरांची सेवा कशी वाटते" असे सर्व्हे येतात, आणि लोक विचारतायत की त्यातून खरंच काही बदलतं का.

ताई, मी पिंपरीतल्या एका कारखान्यात आहे, आमचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे आणि मी कामगारांच्या बाजूने विश्वस्त आहे. परवा एका रिसर्च कंपनीतून फोन आला, फंड मॅनेजर आणि सल्लागारांबद्दल मुलाखत हवीय, पाऊण तास लागेल म्हणाले. आमचे सेक्रेटरी म्हणतात फुकट वेळ घालवू नका. काय करू?

दादा, मुलाखत द्या, आणि नीट तयारी करून द्या.

तुमच्यासारख्या ट्रस्टला पीएफ कायद्यातून सूट असते ती एका अटीवर, की ईपीएफओ, म्हणजे सरकारी पीएफ संघटना, जो दर जाहीर करेल त्यापेक्षा कमी व्याज तुम्ही सभासदांना द्यायचं नाही. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. कमी पडलं तर ते मालकाने भरून द्यायचं. त्यामुळे होतं काय, की पैसा नेमका कुठे आहे, कोण सांभाळतंय, त्याची फी किती, हे कामगारांच्या बाजूचे विश्वस्त फारसं विचारतच नाहीत, कारण व्याज तर मिळणारच आहे असं वाटतं. मग २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी बुडायला लागली. काही आठवडे आधीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं रेटिंग असलेली कंपनी, आणि तिचे बाँड कित्येक पीएफ ट्रस्टकडे होते. अशा वेळी विश्वस्ताला पहिला प्रश्न पडतो की आपल्याकडे किती आहेत, दुसरा पडतो की हे आपल्याला कोणी आधी का सांगितलं नाही, आणि हा दुसरा प्रश्न सरळ सेवेचा प्रश्न आहे. तो विचारायची जागा म्हणजे हे सर्व्हे.

आता हे सर्व्हे बाहेरचा माणूस का करतो ते सांगते. फंड कंपनीने स्वतः विचारलं की खूश आहात ना, तर आपण काय म्हणतो? लग्नाच्या पंगतीत यजमान स्वतः येऊन "जेवण कसं झालं" विचारतो तेव्हा सगळे छान झालं म्हणतात, तसंच. हे ओळखून चार्ल्स एलिस यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ग्रीनिच असोसिएट्स सुरू केली. पद्धत साधी होती. पेन्शन फंड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांशी दरवर्षी स्वतंत्रपणे बोलायचं, ते ज्या ज्या मॅनेजरांकडे पैसा ठेवतात त्या सगळ्यांबद्दल तेच तेच प्रश्न विचारायचे आणि तुलना करून प्रत्येक मॅनेजरला दाखवायचं की बाबा रे, रिपोर्टच्या बाबतीत तू पुढे आहेस पण अडचणीच्या वेळी फोन उचलण्यात तुझ्या बरोबरीचे लोक तुझ्यापेक्षा बरे आहेत. मॅनेजर या माहितीचे पैसे मोजतात आणि मुलाखत देणाऱ्यांना निष्कर्ष वाचायला मिळतात. ही कंपनी २०२० मध्ये आपल्या मुंबईच्या क्रिसिल या रेटिंग देणाऱ्या कंपनीने विकत घेतली, त्याआधी २०१२ मध्ये लंडनची कोअॅलिशन घेतली होती, आता दोन्ही मिळून क्रिसिल कोअॅलिशन ग्रीनिच या नावाने काम चालतं. म्हणजे जगभरच्या पेन्शन फंडांची मतं गोळा करणारा हा धंदा आता एका मराठी मुलखातल्या कंपनीच्या हातात आहे, आणि मला याचं खरंच अप्रूप वाटतं.

सर्व्हेतून सुधारणा नेमकी कुठे होते, तर जिथे मॅनेजरला वाटतं की आपण चांगलं करतोय आणि ग्राहकाला ते नकोच असतं तिथे. तिमाही रिपोर्टचंच घ्या ना. मॅनेजर चाळीस पानं पाठवतो, रंगीत तक्ते, जगाच्या अर्थव्यवस्थेवर निबंध. विश्वस्ताला हवी असतात दोन पानं: किती मिळाले, कशाच्या तुलनेत, कमी का पडले, फी किती कापली, आपण घालून दिलेली एखादी मर्यादा मोडली का. हे एका विश्वस्ताने सांगितलं तर त्याची आवड म्हणून सोडून देतात, पण पन्नास जणांनी तेच सांगितलं आणि शेजारच्या कंपनीला त्याच प्रश्नावर जास्त मार्क पडलेले दिसले की मग रिपोर्ट बदलतो. म्हणून मोघम बोलू नका. "सर्व्हिस ठीक आहे" हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. मागच्या वर्षात आमचा संपर्काचा माणूस कितीदा बदलला, मार्चअखेरच्या ऑडिटसाठी स्टेटमेंट कधी मागितलं आणि कधी आलं, बाँडचं रेटिंग खाली गेलं ते आम्हाला मॅनेजरकडून कळलं की पेपरमधून, असं तारखेनिशी सांगा. ट्रस्टच्या मिटिंगची मिनिट्स समोर ठेवून फोनवर बसा, सगळं त्यात सापडेल.

आणि सेक्रेटरींना सांगा की ४५ मिनिटं वाया जात नाहीयेत, या निमित्ताने आपण वर्षातून एकदा तरी आपल्या मॅनेजरचा हिशोब डोक्यात मांडतो.

मी पुण्यात खराडीला एका ऑफिसमध्ये असे सर्व्हे प्रोसेस करते. आमच्या एका क्लायंटचा नेट प्रमोटर स्कोअर एका वर्षात १० ने पडला आणि तिकडे नुसता गोंधळ उडाला, टीमच्या बोनसपर्यंत विषय गेला. मला आतून वाटतं की यात काहीतरी चुकतंय पण बोलू कशी?

बोल, नक्की बोल, तुझं बरोबर असायची शक्यता जास्त आहे.

वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. हा स्कोअर २००३ मध्ये फ्रेड रायकेल्ड यांनी मांडला. ० ते १० मध्ये विचारायचं की तुम्ही आमची शिफारस कराल का, ९-१० देणारे समर्थक, ० ते ६ देणारे नाराज, समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा. मोबाइल कंपनीला लाखो ग्राहक असतात तिथे हे चालून जातं. पण पैसे सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका देशातल्या मोठ्या ग्राहकांपैकी उत्तर देणारे किती, समज २०. म्हणजे एक ग्राहक बरोबर ५ टक्के. तो एक जण ९ वरून ६ वर आला की समर्थक ५ ने कमी आणि नाराज ५ ने जास्त, स्कोअर थेट १० ने खाली. म्हणजे तुमच्याकडे जो गोंधळ झाला तो कदाचित एकाच माणसाच्या एका फोनवर झालाय! तो माणूस कदाचित ग्राहकाकडे पैशाचे व्यवहार बघायला नवीन आलेला ट्रेझरी हेड असेल ज्याला आधीच्या कंपनीतला मॅनेजर आवडत होता.

म्हणून पहिलं काम, ही बेरीज-वजाबाकी एका स्लाइडवर मांडून दाखव. दुसरं, कोणी उत्तर दिलं ते बघ. एकाच पेन्शन फंडात रोज पैसे हलवणारा अधिकारी वेगळं सांगतो, तिमाहीतून एकदा भेटणारा विश्वस्त वेगळं आणि सल्लागार तिसरंच सांगतो, मागच्या वर्षी अधिकाऱ्याने फोन घेतला आणि यंदा सल्लागाराने घेतला तर दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तिसरं म्हणजे ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांची यादी काढ, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण जो पैसे काढून घ्यायचं ठरवून बसलाय तो सर्व्हेला वेळ कशाला देईल? आणि चौथं, लोक मोकळेपणाने जे बोलतात ती वाक्यं वाच, सगळी वाच. २० जणांत सरासरीपेक्षा "आमचा प्रश्न तीन जणांकडे फिरतो" हे वाक्य चार वेळा आलं ते जास्त मोलाचं असतं.

बोनस या स्कोअरला बांधला की अजून एक वाईट होतं, रिलेशनशिप मॅनेजर आधीच ग्राहकाला फोन करून "साहेब, ९ च्या वर द्या हां" म्हणायला लागतो आणि मग पुढच्या वर्षीपासून त्या आकड्यात काहीच उरत नाही. हे वरिष्ठांना सांगायला कचरू नकोस, डेटा ज्याच्या हातातून जातो त्यानेच हे सांगायचं असतं.

मी नागपूरचा, बँकेतून निवृत्त. मला या सगळ्यात धोका दिसतो. गोड बोलणारे, छान प्रेझेंटेशन करणारे मॅनेजर सर्व्हेत वर येतील आणि पैसा त्यांच्याकडे जाईल. आम्हाला परतावा हवा, आदरातिथ्य नको. चुकतोय का?

काका, अजिबात चुकत नाही, उलट तुमच्या शंकेला आधार देणारं संशोधन झालेलं आहे आणि तेही वर सांगितलेल्या ग्रीनिचच्या सर्व्हेंच्या डेटावर.

जेंकिन्सन, जोन्स आणि मार्टिनेझ यांनी १९९९ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या सल्लागारांच्या शिफारशी तपासल्या. हे सल्लागार पेन्शन फंडांना सांगतात की कुठल्या मॅनेजरकडे पैसे ठेवा. त्यांना असं दिसलं की शिफारस मागच्या परताव्यापेक्षा मऊ गोष्टींवर जास्त ठरते, जसं की विचार किती स्पष्ट मांडतात, रिपोर्ट कितपत उपयोगी आहेत, प्रेझेंटेशन कसं आहे. शिफारस झाली की पैसा धो धो येतो. पण शिफारस झालेल्यांनी नंतर जास्त कमावून दिलं याचा पुरावा सापडला नाही.

बरं, मग फक्त परतावा बघून निवडावं का? तर तेही नाही. गोयल आणि वहाल यांनी १९९४ ते २००३ मधल्या साधारण ३४०० पेन्शन फंडांचे निर्णय पाहिले, तेव्हा दिसलं की जोरदार परतावा दिलेल्या मॅनेजरला नेमतात आणि नेमल्यानंतर तो जादाचा परतावा गायब होतो, आणि ज्यांना काढलं त्यांना ठेवलं असतं तरी नुकसान झालं नसतं. मला यातून एवढंच कळतं की उद्याचा परतावा ना सर्व्हे सांगू शकतो ना मागचा आकडा. सेवा मात्र आजच तपासता येते: फी कळते, रिपोर्ट वेळेवर येतो का कळतं, वाईट बातमी आधी सांगतात का कळतं. म्हणून सर्व्हेला सेवेपुरतंच राहू द्या आणि गुंतवणुकीचा निर्णय वेगळ्या कागदावर, वेगळ्या मिटिंगमध्ये घ्या. सर्व्हेत नंबर आला म्हणून कोणी बक्षिसाची ट्रॉफी दाखवत पैसे मागायला आलं तर ट्रॉफीचं अभिनंदन करा आणि फीचा तक्ता मागा.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथे कंपनीच्या पेन्शन स्कीमचा ट्रस्टी आहे. आम्हाला सल्लागाराची उद्दिष्टं लेखी ठरवावी लागतात आणि दरवर्षी त्यावर काथ्याकूट होतो. हे कुठून आलं?

हे आलं चौकशीतून, आणि त्या चौकशीचा एक मोठा भाग म्हणजे तुमच्यासारख्या ट्रस्टींचा सर्व्हे होता.

तिथल्या एफसीए या नियामकाने २०१७ मध्ये पैसे सांभाळणाऱ्या धंद्यावरचा मोठा अहवाल काढला, त्यात किमतीवरची स्पर्धा कमकुवत असल्याचं म्हटलं आणि सल्लागारांचा विषय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे सीएमएकडे पाठवला. सीएमएने ट्रस्टींना विचारलं की सल्लागार कसा निवडला, त्याचं काम कसं तपासता, दुसरीकडे दर विचारले का. डिसेंबर २०१८ च्या अहवालात समोर आलं की कित्येक स्कीम आधी सल्ला ज्याच्याकडून घेतात, पुढे सगळा पैसा चालवायलाही त्याच्याच हातात देतात, निविदा न काढता. त्यानंतर २०१९ चा आदेश आला, २० टक्के किंवा त्याहून जास्त मालमत्ता अशी सोपवायची तर स्पर्धात्मक निविदा काढायची आणि सल्लागाराला उद्दिष्टं ठरवून द्यायची. म्हणजे ट्रस्टींनी फोनवर प्रामाणिकपणे "नाही, आम्ही दुसरीकडे दर विचारले नाहीत" असं सांगितलं म्हणून पुढच्यांना विचारायची सक्ती झाली. काथ्याकूट होतोय ना, होऊ द्या, फक्त उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहा.

जपानमधली एक गोष्ट पण तुमच्या पुढच्या मिटिंगला न्या. तिथला सरकारी पेन्शन फंड जीपीआयएफ २०१६ पासून उलट्या बाजूने विचारतो: ज्या कंपन्यांच्या शेअरमध्ये त्याचा पैसा आहे त्यांनाच विचारतो की आमचे मॅनेजर तुमच्याकडे येऊन काय बोलतात, लांबच्या पल्ल्याचं विचारतात का, त्यांच्या वागण्यात काही बदल दिसला का. मॅनेजर स्वतःच्या रिपोर्टमध्ये "आम्ही कंपन्यांशी संवाद साधतो" असं लिहितोच, इथे समोरच्या बाजूकडून त्याची खात्री होते. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडेही ईपीएफओने २०१५ पासून ईटीएफमधून, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडांमधून, शेअर बाजारात पैसे घालायला सुरुवात केली, तो आकडा वाढत चाललाय, तेव्हा असं काही इथे व्हायला हवं असं मी मनापासून म्हणते.

कोल्हापूरजवळच्या एका शिक्षण संस्थेचा छोटा ग्रॅच्युइटी ट्रस्ट आहे. नावानिशी तक्रार केली तर उद्या मॅनेजर आमच्याकडे दुर्लक्ष करेल अशी भीती वाटते.

मुलाखतीच्या आधीच विचारा की आमचं नाव मॅनेजरला कळणार का, आणि नको असेल तर तसं स्पष्ट सांगून त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. तरी छोट्या ट्रस्टची तक्रार ओळखू येते हे खरंय, "कोल्हापूरजवळची संस्था" म्हटलं की संपलं, त्यामुळे तपशील सांगताना गाव आणि संस्थेचा प्रकार गाळा, काय घडलं तेवढं ठेवा. दुसरं म्हणजे सर्व्हेचे निष्कर्ष तुम्हालाही पाठवायला सांगा. ते आले की ट्रस्टच्या पुढच्या मिटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि मॅनेजरच्या माणसाला त्या मिटिंगला बोलवून एकच विचारा, यातलं तुम्ही या वर्षी काय बदललं.