तेरा वर्षांच्या गाडीवर खर्च करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढे समजले: गाडी पेट्रोलवर चालणारी असून १३ वर्षांची आहे, आतापर्यंत साधारण ७०,००० किलोमीटर चालली आहे, इंजिनाची काही तक्रार नाही आणि ती आणखी बरीच वर्षे वापरण्याचे तुम्ही ठरवले आहे. रात्री उजेड कमी पडतो अशी तुमची तक्रार आहे, आणि तिला एलईडी दिवे, मोठी अलॉय चाके आणि टचस्क्रीन बसवावी अशी तुमची इच्छा आहे. घरच्यांना मात्र जुन्या गाडीवर पैसे घालणे पटत नाही.

जुन्या गाडीवर पैसे घालण्यात मला काहीच गैर वाटत नाही, पण खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे. नवी असताना तुमची गाडी जशी थांबत होती, वळत होती आणि रात्री तिच्यातून जितके दिसत होते, तितके आज नक्कीच होत नसणार. हा बदल वर्षानुवर्षे इतक्या सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही. त्यामुळे गाडीने जे गमावले आहे ते तिला परत मिळवून देणे हीच पहिली आणि सर्वांत मोठी सुधारणा आहे, असे मी मानतो. किलोमीटर कमी आहेत यावर फार विसंबू नका, कारण रबर, ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि विजेच्या जोडण्या किलोमीटर मोजत नाहीत. त्या वर्षांनी म्हाताऱ्या होतात.

काहीही विकत घेण्याआधी गाडी एकदा लिफ्टवर चढवून खालून नीट पाहून घ्या. दारांखालच्या पट्ट्या, तळाचा पत्रा आणि सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी रचना) जिथे बॉडीला जोडलेले असते त्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला मेकॅनिकला सांगा. वरवरचा गंज घासून त्यावर रंग देता येतो, पण सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा कुजलेला निघाला तर घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्या गाडीवर हौसेचा खर्च करू नये. पत्रा निरोगी असेल तर पुढचे सगळे करण्यासारखे आहे. त्याच वेळी दारांच्या खालच्या कडेची आणि समोरच्या काचेखालच्या जाळीतली पाणी जाण्याची भोके मोकळी करून घ्या. पाने आणि माती साचून ती बुजली की पाणी आतच राहते आणि गंज आतून बाहेर येतो.

त्यानंतर टायर. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे ४ आकडे टायर कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतात. म्हणजे २३१६ असे लिहिले असेल तर तो २०१६ सालच्या २३व्या आठवड्यातला आहे. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरवर खाचा भरपूर शिल्लक दिसतात आणि मालक निर्धास्त राहतो, पण तोवर रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावरची त्याची पकड गेलेली असते. टायर ५ वर्षांचे झाले की दरवर्षी तपासून घ्यावेत आणि १० वर्षांपलीकडे, दिसायला कितीही चांगले असले तरी, वापरू नयेत. स्टेपनीचीही तारीख पाहा, तिच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. ज्या एका खर्चाने गाडीचे थांबणे, वळणे आणि आवाज या तिन्हींत लगेच फरक पडतो तो चांगल्या नव्या टायरांचा आहे, आणि म्हणूनच अलॉय चाकांसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी इकडे वळवा, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्रेकच्या बाबतीत पॅड आणि शू सगळेच तपासतात, ब्रेक ऑइल मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल अचानक खोल जाते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून दर २ वर्षांनी ते पूर्ण बदलावे. वरून थोडे भरणे म्हणजे बदलणे नव्हे, हे मेकॅनिकला स्पष्ट सांगावे. त्याच वेळी कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना काढून, साफ करून, त्यांना योग्य ग्रीस लावून घ्या, कारण या पिना अडकल्या की एकच पॅड झिजतो आणि गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते.

कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये काही वर्षांनी संपतात, मग रेडिएटर आणि वॉटर पंप आतून झिजू लागतात. साधे पाणी भरत राहणे हा त्याला पर्याय नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट, तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड पाण्यासह सांगितलेल्या प्रमाणात भरावे. केवळ रंग सारखा आहे म्हणून दोन कूलंट एकमेकांत मिसळू नयेत, कारण कोणत्या प्रकाराला कोणता रंग, याचा कोणताही ठरलेला नियम नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचे होज पाइप दाबून पाहा. ते भेगाळलेले, फुगलेले किंवा टोकांशी मऊ पडलेले असतील तर क्लिपांसकट बदला. रस्त्यात फुटणारा एक पाइप इंजिन तापवून त्याचे हेड (वरचा भाग) वाकवू शकतो.

इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट तुमच्या गाडीत आहे की त्याऐवजी चेन, हे मात्र आजच शोधून काढा. बेल्टसाठी कंपनीने किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी येईल ती पाळायची असते. ७०,००० किलोमीटर म्हणजे तुमचा बेल्ट किलोमीटरच्या हिशेबात कदाचित मर्यादेत असेल, पण १३ वर्षे हा त्या रबरासाठी फार मोठा काळ आहे. अनेक इंजिनांत झडपा आणि पिस्टन एकाच जागेतून आळीपाळीने ये-जा करतात आणि बेल्ट तुटला की ते एकमेकांवर आदळतात. त्या दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. बेल्ट बदलताना त्याला ताणून ठेवणारा टेन्शनर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही बदलावा, कारण तेवढ्यासाठी तीच खोलाखोल पुन्हा करावी लागते.

इंजिन ऑइल, फिल्टर आणि स्पार्क प्लग यांबद्दल पुस्तिकेत जे लिहिले आहे ते पुरेसे आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो. छोट्या छोट्या अंतरांसाठी चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यात मिसळलेले पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही, त्यामुळे किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा ते बदलावे. आणि गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल घालण्याचा सल्ला कोणी दिला तर, इंजिन ऑइल पीत नसताना, तो मानू नये.

आता सस्पेन्शन. तुमची गाडी ‘जुनी वाटते’ त्याचे खरे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसून इथे असते. शॉकॲब्सॉर्बर गळाले की लोक बदलतात, पण त्यांच्याबरोबर झिजलेली लोअर आर्मची (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याची) बुशे म्हणजे रबरी नळ्या, वळताना गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या लिंका, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरची माउंटिंगे म्हणजे रबरी बैठका तशाच ठेवतात, आणि नवे शॉकॲब्सॉर्बर घालूनही खडखड कशी गेली नाही, याचे त्यांना आश्चर्य वाटते. लोअर आर्मचे बुश फाटले की ब्रेक लावताना स्टिअरिंग भटकते आणि टायर आतल्या कडेला झिजतात. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) कितीही वेळा केले तरी ते टिकत नाही. या वस्तू एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदलाव्यात. एक बारकावा बऱ्याच गॅरेजांत पाळला जात नाही, तो मुद्दाम सांगतो: रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. लिफ्टवर चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, कायम पिळलेलेच राहते आणि नवे बुश थोड्याच दिवसांत फाटते. काम चालू असताना तिथे उभे राहून हे करवून घेणे शक्य असेल तर जरूर करा. इंजिनाची माउंटिंगेही याच सुमारास पाहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरत असतील तर बहुधा त्यांचे रबर बसलेले असते.

दिव्यांबद्दल तुमची तक्रार योग्य आहे, पण एलईडी बल्ब हे तिचे उत्तर नाही. हॅलोजन बल्बसाठी बनवलेला परावर्तक त्या बल्बच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा एलईडी बसवला की प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि उजेड भरपूर वाटूनही रस्त्यावर लांबचे नीट दिसत नाही. अनेक देशांत असा बदल नियमबाह्यही आहे. तुमचा उजेड कुठे गेला ते आधी शोधा. पहिले कारण म्हणजे पिवळी पडलेली प्लास्टिकची काच: ती बारीक पॉलिश पेपरने पाण्यासोबत घासून स्वच्छ होते, पण वर अतिनील किरणे अडवणारा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या जुन्या वायरी, स्विच आणि गंजलेले अर्थिंग (बॉडीमार्फत बॅटरीकडे परतीची जोडणी) यांत व्होल्टेज गळते, आणि हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले तर त्याचा उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. दिवे चालू ठेवून बल्बच्या टोकांशी आणि बॅटरीशी मल्टिमीटर लावून पाहा. फरक मोठा निघाला तर अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा आणि बॅटरीवरून थेट, फ्यूज लावलेली, रिलेची (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) वायरिंग घाला. स्विचने मग फक्त रिले चालवायचा. मूळ ६०/५५ वॉटचेच (अप्परला ६०, डिपरला ५५) चांगले बल्ब त्यावर इतके उजळतात की १०० वॉटच्या बल्बांची गरज राहत नाही. ते जास्त वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात, म्हणून ते टाळाच. शेवटी दिव्यांचा कोन तपासून घ्यायला विसरू नका.

अर्थिंगचा फायदा दिव्यांपुरता नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला आणि बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या १३ वर्षांत आतून हिरव्या पडतात, आणि स्टार्टर सुस्त फिरणे किंवा सेन्सरांनी मधूनच चुकीचे आकडे देणे, असे त्याचे अनेक परिणाम दिसतात. विश्रांती घेतलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हे दोन आकडे बरोबर असूनही स्टार्टर रडत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी या पट्ट्या बदला, त्या तुलनेने अगदी स्वस्त असतात.

एवढे झाले की हौसेकडे वळायला हरकत नाही. चाके मोठी करायची असतील तर टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाइतकाच राहील असे पाहा. उदाहरणार्थ १७५/६५ आर १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, चाकाचा व्यास इंचांत) या टायरचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर आणि १८५/५५ आर १५ चा सुमारे ५८५ मिलिमीटर येतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण टायरची भिंत ११४ वरून १०२ मिलिमीटरवर येते आणि खड्ड्यांतला मऊपणा त्या प्रमाणात जातो. टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळपेक्षा कमी नसावा आणि चाकाचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) मूळच्या जवळ असावा, नाहीतर बेअरिंगांवर ताण वाढतो. आराम हवा असेल तर मी स्वतः मूळ मापाच्याच चाकांवर राहीन आणि त्या पैशांत पुढच्या सीटचा बसलेला फोम नवा करून घेईन. लांबच्या प्रवासात कंबरेला जाणवणारा फरक अलॉय चाके कधीच देत नाहीत.

टचस्क्रीनला माझा विरोध नाही, मागच्या कॅमेऱ्यासह ती खरोखर उपयोगी पडते. मात्र मूळ वायरी कापू देऊ नका. तुमच्या गाडीला जुळणारा जोड-कनेक्टर घेऊन ती बसवा, कॅमेरा आणि चार्जर यांसारख्या प्रत्येक नव्या वस्तूला तिचा स्वतंत्र फ्यूज द्या, आणि बसवून झाल्यावर गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास तशीच राहू दिल्यानंतर बॅटरीतून किती विद्युतप्रवाह जातो ते मोजून घ्या. तो ५० मिलिॲम्पिअरच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर बसवणाऱ्याला त्याच दिवशी परत बोलवा, कारण तुमची गाडी मुळातच कमी चालते आणि अशा गळतीने तिची बॅटरी उभ्या उभ्या संपेल.