चाप ओढला की नुसता 'खट्' आवाज: दोष फायरिंग पिनचाच आहे का?

तुमचा प्रश्न असा: १२ बोरची वर-खाली नळ्यांची दुनळी, खालची नळी चार-पाच काडतुसांमागे एकदा दगा देते, चाप ओढला की नुसता 'खट्' आवाज येतो. मग फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारी सळई, घरीच काढून घासावी, की नवी आणून बसवावी? माझ्या मते आज दोन्ही नको. आधी न उडालेली काडतुसं नीट बघा.

पण त्याच्याही आधी एक. 'खट्' झालं की तुम्ही बंदूक लगेच उघडता, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला पिनपेक्षा तुमची काळजी वाटली. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. नळी सुरक्षित दिशेलाच धरून ठेवा, बोट चापावरून काढा आणि निदान ३० सेकंद थांबा. मी स्वतः ६० पर्यंत मोजतो. मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा, कारण उघड्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) काडतूस फुटलं तर तुकडे थेट मागे येतात. दुसऱ्या नळीतलं काडतूसही काढा, ते अजून जिवंत असतं. आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतोय ना, ते पाहा. २० बोरचं काडतूस १२ च्यापेक्षा बारीक असतं, ते चुकून १२ च्या नळीत पडलं तर ते पुढे सरकून अडकतं. वरून चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागे १२ चं काडतूस भरतो आणि नळी फाटते. २० बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती ही चूक टळावी म्हणूनच.

आता त्या न उडालेल्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी असलेला प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी, पाहा. शेजारी वरच्या नळीतून उडालेल्या काडतुसाचं रिकामं खोकं ठेवा आणि दोन्हींवरचे खड्डे ताडून बघा. खड्डा तितकाच खोल असेल आणि तरी बार उडाला नसेल, तर बंदुकीला बोल लावू नका, बहुधा काडतूसच खराब आहे. खड्डा उथळ असेल तर ठोका कमी पडतोय. खड्डाच नसेल तर पिन मोडली आहे, अडकली आहे, किंवा तिच्यापर्यंत ठोका पोहोचतच नाही. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर बंदूक घट्ट बंद होतेय का, बिजागरी झिजली आहे का, हे तपासायला हवं.

उथळ खड्डा म्हणजे पिन झिजली, असं लगेच धरून चालू नका. माझ्याही खालच्याच नळीचं असं झालं होतं, तेही थंडीच्या सकाळी जास्त. मी नवी पिन मागवायच्या बेतात होतो. गनस्मिथनं (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं) बंदूक उघडली तर पिनच्या भोकात जुनं तेल आणि जळका कचरा साचून डिंकासारखा घट्ट झालेला. पिन धावायची, पण रखडत. साफ केल्यावर तीच पिन दोन वर्षं बिनतक्रार चालली. पुढे पुन्हा उथळ खड्डे पडू लागले तेव्हा पिनवर आदळणाऱ्या घोड्याची स्प्रिंग दमलेली निघाली. खालची नळी बहुधा पहिली झाडली जाते, म्हणून तिचे भाग आधी थकतात. तेव्हापासून पिनच्या आसपास मी तेलाचा हात अगदी हलका ठेवतो.

पिन घासायचा विचार मात्र सोडूनच द्या. तिचं टोक गुळगुळीत आणि गोलसर लागतं. टोकदार झालं तर प्रायमरला भोक पडतं आणि तापलेला वायू मागे झाडणाऱ्याकडे येतो. घासून ती आखूड झाली तर ठोका आणखी उथळ. शिवाय पिन बाहेर किती यावी याचं माप मिलिमीटरच्या अंशांत असतं, ते डोळ्यांनी कळत नाही.

एक गोष्ट रिकाम्या बंदुकीवर आजच पाहा. पिनची टोकं ज्या सपाट भागातून बाहेर येतात तिथे, बंदूक उघडून घोडे चढलेले असताना, एखादं टोक बाहेर राहिलंय का? राहिलं असेल तर त्या बंदुकीत काडतूस घालूच नका. बंद करतानाच ते टोक प्रायमरवर आदळू शकतं, आणि तेव्हा तुमचा हात नळीवर असतो.

गनस्मिथकडे जाताना न उडालेली काडतुसं नेऊ नका. त्यांच्या प्रायमरचे जवळून फोटो न्या, आणि वरच्या-खालच्या नळ्यांची उडालेली खोकी वेगवेगळी बांधून न्या. पिन बदलावीच लागली तर तिची परतीची स्प्रिंग असल्यास तीही बदलायला सांगा. घरी रिकामा चाप ओढायची सवय असेल तर डमी (दारू नसलेली नकली) काडतुसं वापरा. जुन्या दुनळीत पिनचं टोक मोडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी एका वेळी एकच काडतूस भरा आणि प्रत्येक खोक्यावरचा खड्डा बघत जा.