झाडं नाहीत, तरी सातबाऱ्यावर 'वन' कसं?

प्रश्न : मुळशी तालुक्यात दोन एकर जमीन पाहिली. सगळं माळरान, मोठं झाड एकही नाही. तरी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'खाजगी वन' असा शेरा आहे. शेजारच्या दाट आमराईवर मात्र काहीच शेरा नाही. मग वन म्हणायचं कशाला? व्यवहार करावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेरा असेपर्यंत इसार देऊ नका, विक्रेता कितीही घाई करो.

बोलताना आपण झाडी पाहून रान, राई, जंगल म्हणतो. सरकारी 'वन' मात्र नोंदीवरून ठरतं. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य बहुतांशी गवताळ आहे, चिंकारा तिथे त्या गवतामुळेच टिकलाय. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वन दोन प्रकारे ओळखलं : शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालक कोणीही असो. तुमचा माळ दुसऱ्यात बसतो.

आमराईचा घोळ वेगळा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहचित्रांवरून 'वनआच्छादन' मोजतं. क्षेत्र किमान १ हेक्टर आणि झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असलं, की बागसुद्धा त्यात धरली जाते. त्याने मालकी बदलत नाही.

आता तपासणी. शेऱ्याखालचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) क्रमांक घ्या आणि तो फेरफार काढा. खाजगी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली, आणि अशा बऱ्याच नोंदींचा आधार १९२७ च्या वन अधिनियमातल्या कलम ३५(३) ची, म्हणजे जमिनीवर वन म्हणून निर्बंध का घालू नयेत असं मालकाला विचारणारी नोटीस असतो. नोटीस निघाली एवढ्याने भागत नाही, ती मालकावर बजावली होती का, हे गोदरेज कंपनीच्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेल्या निकालानंतर कळीचं ठरलं. बजावणीचा पुरावा उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी मागा.

दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. नोटिशीत जुना सर्व्हे नंबर असतो, सातबाऱ्यावर गट नंबर. एका सर्व्हेचे अनेक गट झाले, की सर्व्हेच्या एका भागाचा शेरा सगळ्या गटांवर चढू शकतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा (कुठल्या सर्व्हेचे कुठले गट झाले ते दाखवणारा) घेऊन क्षेत्र हेक्टर-आरमध्ये जुळवा. चूक सापडली तर शेरा मूळ मालकाने कमी करून घ्यावा, मगच साठेखत, म्हणजे विक्रीचा करार. 'नंतर काढून देतो' यावर विसंबू नका.

आमराई घ्यायचा विचार आला, तर एवढं ध्यानात ठेवा : आंबा हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतलं झाड आहे. शेरा नसला तरी तोडायला परवानगी लागते.