तुझी स्टाईल आजीच्या ओट्यावर आहे

अमळनेरहून तू लिहिलंस की बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, मोबाईलवर तीन शॉर्टफिल्म केल्या पण त्या बघून 'हा याचाच सिनेमा' असं कुणी म्हणत नाही, स्वतःची स्टाईल कुठून आणू, आणि पप्पा म्हणताय बीएड कर. तिन्ही फिल्म बघितल्या भाऊ. पहिल्या दोनमध्ये स्लो मोशन, धूर, हिरोची एन्ट्री, म्हणजे सगळे करतात तेच. तिसरीत मात्र आजी ओट्यावर बसून कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी करतेय, आतून आईचं अहिराणीत भांडण ऐकू येतंय, आजी मान वर करत नाही आणि कॅमेरापण हलत नाही. तो शॉट मी चारदा बघितला, तिथे तू दिसलास.

डायरेक्टर हाच सिनेमाचा खरा लेखक, हे फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या समीक्षकाने १९५४ ला लेख लिहून जोरात मांडलं तेव्हा तो २१ चा होता, तुझ्याच वयाचा. पुढे १९६२ ला अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिसने त्याची थिअरी केली, आणि त्यात पहिली कसोटी काय तर डायरेक्टरला तांत्रिक काम आलं पाहिजे, पर्सनॅलिटी त्यानंतर. तुझ्या फिल्ममध्ये आईचे निम्मे शब्द पंख्याच्या घरघरीत गेलेत, म्हणून आधी साऊंड शीक. जपानचा डायरेक्टर ओझू बघ, कॅमेरा जमिनीलगत, घरातली माणसं, मुलीचं लग्न, वर्षानुवर्षं तेच, आणि १९४९ पासून शेवटपर्यंत लेखक नोडा कायम सोबत. म्हणजे एकट्याची सही असली तरी काम एकट्याचं नसतं, तूपण दोन पक्के मित्र धर, एक लिहिणारा आणि एक एडिट करणारा.

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचा कोर्स तीन वर्षांचा आहे, कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं पण एन्ट्रन्स असते आणि सीट मोजक्याच, त्यामुळे बीएस्सी अर्धवट सोडू नको. पप्पांची काळजी खरी आहे, डायरेक्टरला पगार लगेच सुरू होत नाही, त्यांच्याशी वाद घालू नको. एडिटिंग नीट आलं तर जळगाव-धुळ्यात लग्नाच्या व्हिडिओंची कामं मिळतात, त्यातून स्वतःचा खर्च निघाला की त्यांना दाखव, मग बोलणं सोपं होईल.

तोपर्यंत आजीवरच अजून एक फिल्म कर, पाच मिनिटांची, पंखा बंद करून, आणि मला पाठव.